तिसऱ्या रांगेत कोण बसणार? नऊ जणांच्या घरासाठी गाडी घेताना

आमच्या आज्जीचं वय ब्याऐंशी. गुडघे दुखतात, तरी गाडी बघायला जायचं म्हटल्यावर तीही शोरूमला आली. सेल्समनने मधली सीट पुढे ढकलली आणि म्हणाला, "मागं बसून बघा आज्जी." ती एक पाय आत टाकून तशीच थांबली. एका हाताने लुगडं सावरलेलं, दुसऱ्या हाताने पुढच्या सीटची डोकी घट्ट धरलेली. आधी कंबर वाकवायची की दुसरा पाय ओढून घ्यायचा, हे तिला ठरवता येईना. शेवटी मी आणि काकांनी दोन्हीकडून धरून तिला बसवलं. बसल्यावर गुडघे पार छातीपाशी आले. "बाळ, हितनं सौंदत्तीपत्तर असंच न्हेणार काय मला?" एवढंच ती म्हणाली.

त्याआधी तीन महिने मी सात सीटच्या गाड्यांची तुलना करत होतो. ॲव्हरेज, किंमत, डिकी, एअरबॅग, सगळं वहीत लिहिलेलं होतं. तिसऱ्या रांगेत नेमकं कोण बसणार, हे मात्र त्या वहीत कुठेच नव्हतं. मोठ्या घरासाठी गाडी निवडताना हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा लागतो, असं आता माझं पक्कं मत आहे. ऐसपैस गाडी आणि चांगलं ॲव्हरेज या दोन्ही गोष्टी गाडीवर जेवढ्या अवलंबून असतात, तेवढ्याच आपल्या घरावर आणि आपल्या रस्त्यांवरही असतात.

आमचं घर खानापूर तालुक्यात. आज्जी, आई-बाबा, काका-काकी, मी, माझी बायको आणि दोन मुलं, अशी नऊ माणसं. माझी नोकरी बेळगावात. काकांनी बारा वर्षं बेळगाव-चंदगड वडाप मारली, म्हणजे माणशी भाडं घेऊन गाडी भरून नेली, आधी ट्रॅक्सवर, मग सुमोवर. (सुमो हे नाव सुमंत मुळगावकर या मराठी माणसाच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आलंय, हे काका प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगतात.) भरलेली गाडी चढावर कशी वागते, हे त्यांच्याइतकं आमच्या गल्लीत कुणाला कळत नाही.

आधी घराचं कॅलेंडर मांडा

एका संध्याकाळी आम्ही मागच्या वर्षाचं कॅलेंडर काढून बसलो आणि कुठल्या दिवशी किती माणसं बाहेर पडली ते लिहिलं. नऊच्या नऊ जण एकत्र गेल्याचे दिवस वर्षात चारच निघाले: सौंदत्तीची यल्लम्मा, जोतिबा आणि दोन लग्नं. सहा-सात जण गेल्याचे दिवस तीसेक. बाकीच्या दिवशी दोघं किंवा तिघं, म्हणजे बेळगावचा दवाखाना, खानापूरचा बाजार, मुलांची शाळा.

हे आकडे कागदावर आले की अर्धा निर्णय झालाच म्हणून समजा. सगळं घर वर्षातून चार-पाच वेळाच एकत्र निघत असेल आणि रोजची माणसं तीन-चार असतील, तर लहान गाडी घेऊन त्या चार दिवसांसाठी मोठी गाडी भाड्याने सांगणं स्वस्त पडतं. हिशोब असा. वर्षाला १०,००० किलोमीटर धरा. लहान गाडी प्रत्यक्षात २० चं ॲव्हरेज देते आणि सात सीटची १५ चं देते असं धरलं, तर लहान गाडीला ५०० लिटर लागतात, मोठीला ६६७. पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये धरलं, तर वर्षाला १६,७०० रुपयांचा फरक. त्यात इन्शुरन्स, टायर आणि मुळातल्या किमतीचा फरक मिळवला की भाड्याच्या ट्रॅक्सचे चार दिवस सहज निघतात.

उलट आमच्यासारखे तीस-पस्तीस दिवस सहा-सात माणसांचे असतील, तर दोन लहान गाड्या काढण्यापेक्षा एक मोठी परवडते. १०० किलोमीटरला १५ च्या ॲव्हरेजने ६६७ रुपये लागतात, सात जणांत वाटले तर माणशी ९५. दोन लहान गाड्या निघाल्या तर १,००० रुपये, माणशी १४३. शिवाय दोन ड्रायव्हर लागतात, आणि दुसरी गाडी कुठे राहिली म्हणून पहिली वाटेत थांबून राहते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. "गाडी घेऊ आणि मधल्या वेळात वडाप मारून हप्ता काढू" असा विचार कुणी करत असेल, तर करू नका. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीतून भाडं घेऊन माणसं नेताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

तिसरी रांग कशी जोखायची

सात सीटची गाडी म्हणजे सात सारख्या जागा नव्हेत. पुढच्या दोन आणि मधल्या रांगेतल्या खिडकीकडच्या दोन जागा पूर्ण माणसाच्या, त्या दोघींमधली जागा दीड तासाची, आणि तिसरी रांग गाडीगणिक वेगळी. यामागचं कारण सोपं आहे. मागच्या चाकांचा कप्पा, टाकी आणि सस्पेन्शन यांच्यामुळे तिसऱ्या रांगेखालची जमीन उंच करावी लागते. छप्पर तेवढंच राहतं. मग सीटची गादी जमिनीच्या जवळ येते. बसणाऱ्याच्या मांड्या गादीला टेकत नाहीत, सगळा भार ढुंगणावर आणि कण्यावर येतो, गुडघे वर येतात. दहा मिनिटांत काही जाणवत नाही, पण बेळगावहून निपाणीपर्यंत गेलात की कंबर बोलायला लागते.

म्हणून शोरूममध्ये डिकीचे लिटर विचारण्याआधी चार गोष्टी करून बघा. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला मधल्या रांगेत त्याला हवं तसं बसवा, आणि मग तिसऱ्या रांगेत कुणीतरी जाऊन बसा. बसल्यावर मांडीखाली हात घाला. हात मोकळा फिरला तर लांबच्या प्रवासात पाय अवघडणार. तळवे पुढच्या सीटखाली सरकतात का ते बघा. आणि मागे बसलेला माणूस कुणाच्या मदतीशिवाय बाहेर येऊ शकतो का, हे वेळ लावून बघा. म्हातारं माणूस मागे बसणारच नसेल तरी हे बघाच, कारण गाडीतून घाईने उतरायची वेळ सांगून येत नाही.

आता गाड्या एकेक करून. मारुतीच्या अर्टिगाची मधली रांग पुढे-मागे सरकते, त्यामुळे तिसऱ्या रांगेला पाय ठेवायला जागा काढता येते. म्हणून मोठी माणसंही तिथे तासभर बरी बसतात. टोयोटाची रुमियन म्हणजे मुळात हीच गाडी, बिल्ला वेगळा. किआ कॅरेन्सच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,७८० मिलिमीटर, अर्टिगापेक्षा ४० ने जास्त, आणि काही व्हेरियंटमध्ये बटण दाबलं की मधली सीट उलटून वाट मोकळी होते. आज्जीसारख्या माणसाला हे बटण फार उपयोगी, कारण सीट ओढायला कुणाला हाक मारावी लागत नाही. रेनोची ट्रायबर चार मीटरच्या आत बसवलेली आहे. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत वळवायला सोपी, आणि तिसऱ्या रांगेच्या दोन्ही सीट अख्ख्या उचलून घरात ठेवता येतात. त्या काढल्या की ६२५ लिटरची डिकी मिळते. बसवल्या की ८४ लिटर उरतात, म्हणजे शाळेची दोन दप्तरं.

बोलेरोच्या मागच्या सीट आडव्या, समोरासमोर तोंड करून बसायच्या. खेड्यातल्या चिखलाच्या वाटेला बोलेरो भक्कम आहे यात वाद नाही. पण आडव्या बसलेल्या माणसाला जोराच्या ब्रेकला शरीर सावरता येत नाही. त्या जागेवर मुलांना बसवू नये असं मी स्पष्ट म्हणेन. वर चढायची पायरीही उंच, आमच्या आज्जीला स्टूल लागलं असतं. इनोव्हा क्रिस्टामध्ये तिन्ही रांगा मोठ्या माणसांच्या, याबाबतीत तिच्या जवळपास दुसरी गाडी येत नाही. फक्त गाडी जड आहे आणि किमतीचा आकडाही तसाच आहे.

सहा सीटची की सात सीटची, हाही प्रश्न येतो. सहा सीटच्या गाडीत मध्ये दोन वेगळ्या खुर्च्या असतात, त्यांच्यामधून मागे जाता येतं. घरात माणसं सहाच असतील तर तीच घ्या. सात असतील तर सातवा माणूस कुठे बसणार याचं उत्तर गाडी देत नाही.

सामानाचं काय? अर्टिगात सगळ्या सीट उभ्या असताना डिकी २०९ लिटरची. आमच्या भाषेत सांगायचं तर बेळगाव बासमतीची पंचवीस किलोची दोन पोती, त्यावर दोन बॅगा, आणि वर दरवाजा जरा दाबून लावायचा. तिसऱ्या रांगेची एक बाजू पाडली की पाच माणसं, एक मूल आणि लग्नाचं सगळं सामान बसतं. आठवड्याचा बाजार आणि सात माणसं एकाच फेरीत बसत नाहीत, हे आधीच मनाशी धरून चाला.

कागदावरचं ॲव्हरेज आणि घाटातलं ॲव्हरेज

"किती देते?" हा पहिला प्रश्न आपल्याकडे सगळे विचारतात. जाहिरातीतला आकडा येतो कुठून, तर चाचणीच्या खोलीतून. पुण्याची एआरएआय किंवा तशीच मान्यताप्राप्त संस्था गाडीची चाकं रोलरवर ठेवून, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवत आणि कमी करत साधारण वीस मिनिटं ती चालवते. एसी बंद. वेग जास्तीत जास्त ताशी ९०. वजन जेमतेम दोन माणसांचं धरलेलं. त्यात चोर्ला नाही, आंबोली नाही, जुलैतला कणकुंबीचा पाऊस नाही आणि मागे बसलेली पाच माणसं नाहीत. अर्टिगा पेट्रोलचा २०.५१ हा आकडा असा निघालेला आहे. तो खोटा नाही. सगळ्या गाड्यांची एकाच तऱ्हेने परीक्षा घेतली जाते, त्यामुळे या गाडीपेक्षा ती बरी की वाईट, हे त्यावरून कळतं. आपल्या खिशातून किती जाणार, हे त्यावरून कळत नाही.

आपल्याकडे ॲव्हरेज खातं ते वजन आणि चढ. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे, गोव्यातली साखळी खाली तळाला. साखळीहून चोर्ला घाटाने वर येताना गाडी आणि आतली माणसं एवढी उंची उचलावी लागते. १,२०० किलोची गाडी, सात माणसं आणि सामान मिळून १,६५०-१,७०० किलो होतात. हे वजन ७५० मीटर उचलायला १२ मेगाज्यूलच्या थोडी वर ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूल असतात, पण इंजिन त्यातला चौथा हिस्सा किंवा थोडा जास्त चाकापर्यंत पोचवतं, बाकीचं उष्णता होऊन जातं. म्हणजे नुसतं उंचावर यायलाच जवळपास दीड लिटर खर्च. अंतर कापायचं पेट्रोल वेगळं. एकट्या ड्रायव्हरला याच चढाला एक लिटरच्या आसपास लागतं. गोव्याहून येताना ॲव्हरेज का पडतं, हे यावरून कळावं. इंजिनात काही बिघाड नसतो.

इथेच पेट्रोल की डिझेल हा वाद येतो. आमच्या काकांचं म्हणणं एकच होतं, "लोड पडला की डिझेलच. पेट्रोल नुसतं बोंबलतंय." यात तथ्य आहे. गाडी ओढायची ताकद, ज्याला टॉर्क म्हणतात, डिझेलमध्ये इंजिन हळू फिरत असतानाच हाताशी येते. कॅरेन्सचं दीड लिटरचं डिझेल इंजिन २५० न्यूटन मीटर देतं आणि ते इंजिनाच्या मिनिटाला १,५०० फेऱ्यांपासून मिळतं. अर्टिगाच्या पेट्रोल इंजिनाकडे १३७ न्यूटन मीटर आहेत आणि तेही ४,००० च्या वर फेऱ्या नेल्यावर. म्हणून भरलेली पेट्रोल गाडी घाटात दुसऱ्या गिअरवर आवाज करत चढते. चढते व्यवस्थित, फक्त गिअर खाली टाकायला लाजायचं नाही. ट्रायबरचं एक लिटरचं इंजिन ९६ न्यूटन मीटरचं. सात माणसं घालून वरचेवर चोर्ला चढायचा असेल तर मी ती सुचवणार नाही. बेळगाव शहरात आणि हायवेला पाच-सहा जणांसाठी ती चांगली आहे.

पण काकांच्या काळातलं डिझेल आणि आताचं डिझेल एक नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ. ती भरत आली की गाडी स्वतःच ती जाळून साफ करते. त्यासाठी इंजिन गरम राहून गाडी बरा वेळ सलग चालावी लागते. टिळकवाडी ते मार्केट, मार्केट ते घर, असं तीन-चार किलोमीटरचंच रोजचं चालवणं असेल तर ही जाळी चोंदते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर, त्यात हायवे बराच, असं असेल तरच आता डिझेल घ्या. हे मी काकांना दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्यांच्या ओळखीच्या मेस्त्रींनी समजावलं, तेव्हा त्यांना पटलं.

सीएनजीचा हिशोब वेगळा. अर्टिगा सीएनजीचा कागदावरचा आकडा किलोला २६.११ किलोमीटर. प्रत्यक्षात २१ धरा. गॅस ८५ रुपये किलो धरला आणि पेट्रोलवर १५ चं ॲव्हरेज धरलं, तर महिन्याला १,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे २,६०० रुपये वाचतात. सीएनजी व्हेरियंटसाठी समजा ९५ हजार जास्त मोजले, तर ते तीन वर्षांत फिटतात. पण महिन्याला ४०० किलोमीटरच चालत असेल, तर फिटायला साडेसात वर्षं लागतात. आणि सिलिंडर बसतो डिकीत. सात माणसं बसल्यावर जी थोडी जागा होती, तीही जाते. गॅसवर इंजिनाची ताकद थोडी कमी होते, ते चढाला जाणवतं. दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी करून घ्यावी लागते. बेळगाव शहरात राहून रोज बरंच अंतर कापणाऱ्याला सीएनजी उत्तम. आमच्यासारख्या खानापूरच्या पश्चिमेकडे वळणाऱ्यांनी आधी आपल्या नेहमीच्या वाटेवर पंप कुठे आहे आणि तिथे रांग किती असते, हे स्वतः जाऊन बघावं.

हायब्रिड या शब्दाने बरेच जण फसतात. काही गाड्यांवर "स्मार्ट हायब्रिड" लिहिलेलं असतं. त्यात छोटी बॅटरी असते, ती सिग्नलला इंजिन बंद-चालू करायला आणि निघताना किंचित हात द्यायला. नुसत्या विजेवर ती गाडी चालत नाही. इनोव्हा हायक्रॉसची खरी हायब्रिड आवृत्ती मात्र काही वेळ फक्त मोटरवर चालते, आणि उतारावर जी ऊर्जा इतर गाड्यांच्या ब्रेकमध्ये तापून वाया जाते, तिचा काही भाग बॅटरीत परत भरते. एवढी मोठी गाडी असून कागदावर २३.२४ देते ती म्हणूनच. किंमत परवडत असेल तर ऐसपैस आणि काटकसरी या दोन्ही अटी ती एकत्र पूर्ण करते. सात सीटची इलेक्ट्रिकही आता मिळते, कॅरेन्स क्लॅव्हिस ईव्ही २०२५ मध्ये आली. घरी स्वतःची पार्किंग आणि चार्जिंगची लाईन असेल तरच तिचा विचार करा.

आणखी एक, पेट्रोलबद्दल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपला जिल्हा उसाचा, त्यामुळे यात आपल्या शेतकऱ्याचाही फायदा आहे. मात्र एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. जुन्या गाडीचं ॲव्हरेज थोडं उतरलं तर त्याचं एक कारण हे असू शकतं. सेकंड हँड गाडी घेताना ती या मिश्रणासाठी बनवलेली आहे का, हे विचारून घ्या.

खरं ॲव्हरेज काढायची रीत एकच. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा. गाडी चालवा. पुन्हा त्याच पंपावर तशीच टाकी भरा. मध्ये किती किलोमीटर झाले, त्याला या वेळी गेलेल्या लिटरने भागा. एका टाकीवरून ठरवू नका, तीन टाक्या बघा.

उतारावरचं न्यूट्रल

ही गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. पेट्रोल वाचवायला घाट उतरताना गाडी न्यूट्रल करायची सवय आपल्याकडे अजून आहे. कार्ब्युरेटरच्या काळात त्याने थोडं वाचत असेल. आताच्या गाड्यांत उलटं होतं. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की संगणक इंजिनाला जाणारं इंधनच बंद करतो, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला इंधन द्यावं लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि सात माणसांचं सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका नातेवाइकांच्या गाडीतून चोर्ला उतरत होतो. अर्ध्या घाटात जळक्या रबरासारखा वास आला. पुढच्या वळणावर ब्रेकचा पेडल नेहमीपेक्षा खोल गेला. काका पुढे बसले होते. त्यांनी मोठ्याने "दुसरा टाक, दुसरा!" म्हटलं, गाडी दुसऱ्या गिअरवर आली, वेग उतरला, आणि मोकळ्या जागेत आम्ही पाऊण तास थांबलो. चाकाजवळ हात नेला तर धग लागत होती. मागच्या सीटवर माझी दोन्ही मुलं झोपलेली होती. ज्या गिअरने घाट चढता, साधारण त्याच गिअरने उतरायचं. एवढं पाळलं तरी पुरे.

छपरावरचं कॅरिअर, कमी हवेचे टायर आणि हायवेवरचा वेग, हे तीनही ॲव्हरेज खातात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. कोल्हापूरच्या हायवेला ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. गाडी भरून निघणार असाल तेव्हा मागच्या टायरची हवा किती ठेवायची, हे ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

कर, आणि पाटी कुठली

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. गाडी चार मीटरच्या आत, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १,२०० सीसी, डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंत, तर १८ टक्के. यातलं काहीही ओलांडलं की ४० टक्के. ट्रायबर आणि बोलेरो १८ च्या बाजूला बसतात. अर्टिगाचं इंजिन १,४६२ सीसीचं, ती ४० च्या बाजूला. जागा आणि पैसे यांचा मेळ घालताना हा फरक मोठा आहे.

कर्नाटकचा रोड टॅक्स देशात चढ्या दरांपैकी आहे. पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १७ टक्के, वर त्या टॅक्सवर सेस. याचा अर्थ, सेस सोडून, नऊ लाख नव्वद हजारांच्या गाडीला १,३८,६०० रुपये आणि दहा लाख दहा हजारांच्या गाडीला १,७१,७०० रुपये. गाडी वीस हजारांनी महाग झाली, टॅक्स तेहतीस हजारांनी. दहा लाखांच्या सीमारेषेवरचं व्हेरियंट घेताना हे बघा. दर बदलत असतात, म्हणून बुकिंगच्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्या.

मग लगेच कुणीतरी म्हणतं, कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर घे, एमएच-०९ ची पाटी लाव. आपल्या मनात महाराष्ट्राबद्दल काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, मीही त्यात आलो. पण गाडीच्या बाबतीत हा मार्ग महागात पडतो. एका राज्यात नोंदवलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, इथला टॅक्स, आणि तिथल्या टॅक्सचा परतावा मागायला हेलपाटे. आणि राहत नसलेल्या पत्त्यावर कागद केले असतील, तर अपघाताच्या दाव्याच्या वेळी नेमकं तेच बाहेर येतं. राहता त्या पत्त्यावरच घ्या, केए-२२ असो की चिकोडीकडची केए-२३.

सुरक्षेबद्दल थोडं, पण महत्त्वाचं. २०२४ मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात बनलेली, आफ्रिकेत विकली जाणारी दोन एअरबॅगची अर्टिगा तपासली, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेला पाचांपैकी एकच तारा मिळाला. २०२५ पासून आपल्याकडे तिला सहा एअरबॅग आल्या. सेकंड हँड घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. मधल्या रांगेतल्या मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आहे की फक्त कमरेचा, ते ओढून बघा. मुलांना पट्टा लावणं कायद्याने सक्तीचं आहे, चौदा वर्षांखालच्यांना तसं बसवलं नाही तर हजार रुपये दंड आहे.

आम्ही शेवटी अर्टिगा पेट्रोल घेतली, मॅन्युअल, सीएनजीशिवाय. महिन्याला आमचे पाचशे-सहाशे किलोमीटर होतात, आणि डिकी हवी होती. आज्जीची जागा मधल्या रांगेत, डावीकडच्या खिडकीला. तिथून उतरताना तिचा पाय थेट जमिनीला लागतो. मागे काकी आणि एक मूल बसतं, काकींचं म्हणणं की मुलांना त्यांच्याजवळच झोप लागते. जोतिबाला नऊ जण निघालो तेव्हा मी आणि बाबा एसटीने गेलो.

काकांनी ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवली आहे. त्यात आतापर्यंत सहा टाक्यांची नोंद आहे. कोल्हापूरला जाऊन-येऊन १७.९. फक्त बेळगाव-खानापूर आणि गावातलं १३.४. चोर्लाने गोवा, सात माणसं, एसी लावून, १४.१. त्या ओळीपुढे त्यांनी कंसात लिहिलंय: "उतारावर दुसरा गिअर. ब्रेक थंड."